कमलाबाईच्या नमुन्याचा निकाल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या मॅडमच्या हाताखाली पीएचडी केली, त्यांनाही नाही. तुला सांगतोय — का, ते मलाही धड ठाऊक नाही.

वाशिम जिल्ह्यात, मेडशीकडच्या एका खेड्यात शाळेतली पोरं आजारी पडली. रक्ताची हगवण. दुसरीतली एक मुलगी अकोल्याला नेली, ती तिथेच वारली. मी तेव्हा अशाच जंतूंवर संशोधन करत होतो. जंतू तोच असला तरी त्याच्या विषाच्या जनुकाचे प्रकार वेगवेगळे असतात. प्रकार जुळला की आजार कुठून आला ते कळतं. मी वाशिमचाच, म्हणून नमुने आणायला मला पाठवलं. पोरांचे घेतले, पाण्याच्या टाकीचा घेतला, आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कमलाबाईचाही.

पहिल्या तपासणीत पोरांच्या नमुन्यांत विषाचं जनुक सापडलं. कमलाबाईच्याही — तिला स्वतःला काहीच त्रास नसताना. प्रकार ओळखायला अजून तीन आठवडे लागणार होते. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तरी मी पुन्हा गावात गेलो तेव्हा सरपंचांनी शाळेत सगळ्यांसमोर विचारलं, "काहून झालं सर हे?" आणि मी बोलून गेलो — कमलाबाईंच्या पोटात तोच जंतू निघालाय.

का बोललो? सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला सर म्हणत होतं — बस, एवढंच.

त्याच दिवशी कमलाबाईला शाळेच्या चुलीवरून उठवलं. मेलेल्या मुलीची आई तिच्या दारात जाऊन काय काय बोलली, ते मी नंतर ऐकलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. पोरांच्या जंतूंचा प्रकार टाकीतल्या पाण्याशी तंतोतंत जुळला. कमलाबाईचा वेगळाच होता. तिचा या आजाराशी काही संबंध नव्हता. मी सरपंचांना फोन केला, खबरदारी म्हणून टाकी साफ करून घ्या म्हणालो. तिचं नाव काढलं नाही — काढलं असतं तर मी आधी चुकीचं बोललो होतो, तेही कबूल करावं लागलं असतं. प्रबंधात मात्र एक ओळ लिहिली, स्वयंपाकिणीचा संबंध आढळला नाही. इंग्रजीत. गावात ती कोण वाचणार होतं?

मागच्या वर्षी वाशिमजवळच्या मालेगावच्या एसटीत ती भेटली. मला ओळखलं, शेजारी येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "सर, त्या लेकराले माह्याच हातानं झालं का जी? मी तं आता घरीबी पीठ भिजवत नाई. नातवाले सूनच भरवते."

"नक्की काही सांगता येत नाही, बाई," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

नक्की सांगता येत होतं. त्याच निकालावर मला डॉक्टरेट मिळाली होती.

ती अजून त्याच गावात राहते. वाशिमहून तासाभराचा रस्ता आहे. मी गेलेलो नाही.