काचेपासून वीतभर

"माझं घर यात दिसत नाही," मावशी म्हणाल्या. गावठाणाच्या नव्या नकाशावर लोकांच्या हरकती ऐकायला आम्ही चावडीत संगणक मांडून बसलो होतो. घराचा चौकोन होता, पण त्यावर नाव त्यांच्या दिराचं. दीर खाली राहतो, मावशी वरच्या मजल्यावर. एकावर एक आलेले दोन सारखे चौकोन दिसले, की आमचं सॉफ्टवेअर त्यातला एक चूक समजून पुसून टाकतं. आणि ड्रोननं आकाशातून टिपलं होतं ते मावशींचंच छप्पर! वाळत घातलेल्या कुरडयासुद्धा दिसत होत्या.

"यावरूनच कागद निघणार ना? उद्या दीर म्हणाला, वर तुझं काही नाही, तर?"

मी वरच्या मजल्याच्या उंचीचा आकडा पुन्हा भरला. जतन केलं, की शून्य.

"वर आहे हो मी," म्हणत त्यांनी पडद्यावर बोट वर सरकवलं. ते शेजाऱ्याच्या गोठ्यात गेलं. नकाशात वर म्हणजे उत्तर, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहतात, खालच्या फोडणीचा ठसका वरच्याला लागतो, आणि आम्ही ते सगळं इस्त्री फिरवल्यासारखं सपाट करून ठेवलेलं.

"तिकडं नाही, इथं." त्यांनी बोट काचेवरून उचललं, स्वतःकडे ओढलं आणि वीतभर अंतरावर हवेत थांबवलं. "दिसलं?"

मला दिसलं. माझ्या माउसचा बाण मात्र काचेच्या आतच फिरत राहिला.