कवळीकाकू उठल्या नाहीत

कवळीकाकूंना राग आला की आधी त्यांचे कान तापत, डोकं नंतर. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांच्या कामाला रागाचं वावडं होतं. दातांच्या दवाखान्यामागच्या लांबट खोलीत त्या एकतीस वर्षं कवळ्या बनवत होत्या. साच्यावर गुलाबी मेण चढवायचं, त्यात एकेक दात रोवायचा, सुरीच्या टोकाने हिरडीची कड कोरायची. हात राईएवढा हलला तरी कुणाचा तरी घास अडतो. म्हणून कान तापले की काकू बर्नर विझवायच्या, सुरी खाली ठेवायच्या आणि मागच्या पायरीवर जाऊन बसायच्या. मग डॉक्टर का ओरडेनात. "रागातली कवळी तोंडात बसत नाही," एवढंच त्या ऐकवायच्या.

पोकर त्यांना नवऱ्याने शिकवला. नवरा भूगोलाचा मास्तर. पाय मोडून सहा आठवडे प्लास्टरमध्ये पडला, तेव्हा वेळ जाईना म्हणून त्याने बायकोला समोर बसवलं. दोन पत्ते हातात, पाच मधे उघडे, आणि आपल्याकडे काय आहे ते तोंडावर दिसू द्यायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात काकू त्याला धुवून काढायला लागल्या.

"तू जा माझ्या जागी," मास्तर म्हणाला. त्याच्या धाकट्या भावाकडे दर रविवारी दुपारी डाव बसायचा. "माझ्यात ब्रेकच नाही. जिंकत असलो की उठवत नाही आणि हरत असलो की मुळीच उठवत नाही. तुझ्यात आहे."

तेव्हापासून काकू जायला लागल्या. दिराचं काचेचं दुकान होतं. वरच्या मजल्यावर कागदात गुंडाळलेले आरसे भिंतीला टेकून उभे असत आणि मधे काच कापायच्या टेबलावर जुनी चादर टाकून हे चौघं बसत. काकू, दीर, एक प्लंबर आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा केमिस्ट. पैसे लावत, पण बेताचे.

पहिल्याच दिवशी काकूंनी सांगून टाकलं होतं. "साडेचारला मी उठणार. हरले तरी, जिंकले तरी. आणि डोकं फिरलं तर त्याच्याही आधी."

तिघंही हसले. आठ महिन्यांनी कुणी हसत नव्हतं. काकू बहुतेक रविवारी जिंकायच्या आणि घड्याळात साडेचार झाले की पर्स उचलून चालू पडायच्या. दिराला ते सलायला लागलं. "बँकेची वेळ संपली वाटतं," तो म्हणायचा. काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

त्या रविवारी साडेचारला काकूंपुढे चिप्सचे, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचे, चार मनोरे उभे होते. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"निघाल्या," दीर म्हणाला. "गाठोडं बांधून निघाल्या. वहिनी, एक विचारू? दादालाही असंच केलंत ना? सगळं पदरात पाडून घेतलंत आणि त्याला बसवलं घरी."

प्लंबरने मान खाली घातली. केमिस्ट खोकला.

ज्या माणसाचं प्लास्टरमध्ये असताना त्यांनी सहा आठवडे सगळं केलं होतं, त्याच्याबद्दल हा बोलत होता. काकूंचे कान तापले. नुसते तापले नाहीत, रसरसले. एकतीस वर्षांचा नियम होता की आता उठायचं. पण आता उठले तर हा म्हणतोय ते खरं ठरेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"वाटा पत्ते," त्या म्हणाल्या. "बघू कोण कुणाला बसवतंय."

पुढचे दोन तास काकू खेळल्या असं म्हणणं खेळाचा अपमान होईल. त्या भांडत होत्या, पत्त्यांनी. एका डावात त्यांच्याकडे दोन गुलाम होते. मधे एक्का उघडा पडला आणि प्लंबरने चिप्स पुढे ढकलल्या. हातात काही नसताना प्लंबर थाप मारत नाही. जन्मात मारली नव्हती. त्याच्याकडे जोडीचा एक्का आहे आणि आपले गुलाम हरणार हे काकूंना जितकं स्वतःचं नाव माहीत तितकं माहीत होतं. पण समोर दीर पत्ते टाकून, हात बांधून, गालात हसत बसला होता. त्याच्यासमोर माघार घ्यायची नाही म्हणून काकूंनी प्लंबरच्या चिप्सइतक्या चिप्स ढकलल्या. प्लंबरने एक्का दाखवला. "काकू, तुम्हाला कळलं नाही?" त्याने खरोखर काळजीने विचारलं. त्या काळजीने तर त्यांचं डोकं आणखीच फिरलं.

एक मनोरा गेला. तो परत मिळवायला दुसरा गेला. वाईट पत्ते आले की त्या चिडून खेळत आणि चांगले आले की सूड उगवायला जास्त लावत. मधे एकदा पाणी प्यायला उठल्या. तेव्हाच जिना उतरायला हवा होता. उतरल्या नाहीत. गडबडीत पाणी साडीवर सांडलं आणि ओल्या पदराने त्या परत येऊन बसल्या.

"बसा वहिनी, बसा. आता कुठे रंग चढलाय," दीर म्हणाला. साडेसहाला त्याच्यासमोर मनोरे होते आणि काकूंसमोर नुसती चादर. आठ महिन्यांत मिळवलेलं त्या पर्समधून काढकाढून हरल्या होत्या.

काकू उठल्या. जिन्याच्या तळाशी केमिस्टने त्यांना गाठलं. तो मागोमाग उतरला होता आणि त्याला धाप लागली होती.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका. तो तसं मनापासून नव्हता बोलला."

"म्हणजे?"

केमिस्टने चष्मा पुसला. "मागच्या रविवारी तुम्ही गेल्यावर आमचं बोलणं झालं होतं. तो म्हणाला, वहिनींना चिडवलं तर त्या उठणार नाहीत. चिडवून दाखवतो. मी आपला नको म्हणत होतो."

"तुम्ही नको म्हणत होता. आणि प्लंबर?"

"त्यालाही माहीत होतं."

काकूंना एकदम दिराचं तोंड आठवलं. दादाचं नाव काढताना त्याच्या उजव्या गालाचा स्नायू हलला होता. थाप मारताना तो नेहमी दात दातांवर दाबतो आणि तो स्नायू हलतो. काकूंनी ते शंभर वेळा पाहून त्याचे पैसे घेतले होते. आज मात्र ती थाप सरळ तोंडावर मारली गेली आणि रागाच्या भरात त्यांना दिसली नाही. आणि मग आला तो राग वेगळाच होता.

त्या परत जिना चढल्या. केमिस्ट "वहिनी, वहिनी" करत मागे.

दीर चिप्स डब्यात भरत होता. "विसरलात का काही?"

"हो. तुम्हाला काही द्यायचं राहिलंय," काकू म्हणाल्या आणि प्लंबरकडे वळल्या. "तुला चांगले पत्ते आले की तू खालचा ओठ आत ओढतोस. दर वेळी. आज एक्का होता तेव्हाही ओढलास."

प्लंबरचा हात ओठाकडे गेला.

"केमिस्ट, तुम्ही थाप मारताना तोंड उघडं टाकता. पटाशीच्या दातांमधली फट दिसते. खरे पत्ते असले की मिटलेलं असतं, डबीच्या झाकणासारखं. आणि भाऊजी, तुम्ही. चांगले पत्ते आले की जिभेने उजवीकडची शेवटची दाढ चाचपता, हरवलीय की काय म्हणून. आणि खोटं बोलताना गाल उडतो. मगाशीही उडाला. मी तोंडं बघून पोट भरते, भाऊजी. तुमच्याकडे पत्ते बघायला मी कधी आलेच नव्हते."

दीर म्हणाला, "अहो वहिनी, गंमत केली. खेळात एवढं तेवढं चालायचंच."

"चालायचंच ना? मग खेळा आता."

घरी मास्तर गॅलरीत बसला होता. काकूंनी सगळं सांगितलं. पुन्हा ताव येऊन आवाज चढला, तेव्हा शेजारच्यांची खिडकी बंद झाली.

"तोंडांचंही बोललीस?" मास्तरने विचारलं.

"सगळं."

"तिघांचंही?"

"तिघांचंही."

मास्तरने कपाळावर हात मारला. "अगं, पैसे गेले ते गेले. पण ही आठ महिन्यांची पुंजी होती! ती फुकट वाटून आलीस? मी दर वेळी माझ्या पायावर धोंडा पाडून घ्यायचो, तू तर अख्खा डोंगर पाडलास."

"तुमच्यावरून बोलला म्हणून पाडला."

यावर मास्तर उठला. आत जाऊन त्याने चहा टाकला.

तो डाव पुढे जेमतेम तीन रविवार चालला. प्लंबर सांगत होता की कुणाला कुणाकडे बघवेना. एक जण ओठ दाताखाली धरून बसायचा, दुसरा तोंडावर रुमाल घेऊन, आणि दीर जीभ आवरता आवरता पत्तेच विसरायचा. चौथ्या रविवारी केमिस्टने दुकान उघडं ठेवलं आणि तो डावाला आलाच नाही.

दीर चार महिने घरी आला नाही. मग एका संध्याकाळी आला, भावाशी क्रिकेटचं बोलत बसला आणि जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी चुकलं माझं." काकूंनी त्याच्या गालाकडे पाहिलं. गाल स्थिर होता. तरीही त्यांनी त्याला माफ केलं नाही. "सावकाश जा, जिन्यातला दिवा गेलाय," एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आता त्या दुसरीकडे खेळतात, पोहण्याच्या तलावाशेजारच्या क्लबात, अनोळखी माणसांबरोबर. या लोकांची तोंडं अजून वाचता येत नाहीत, त्यामुळे जिंकणं कमी आणि हरणं जास्त चाललंय. दोनदा कान तापूनही बसून राहिल्या आणि दोन्ही वेळा धुतल्या गेल्या. घरी येताना त्या स्वतःला अशा शिव्या घालतात, की सोमवारी दवाखान्यात कान गार होईपर्यंत मागच्या पायरीवर बसावं लागतं आणि बर्नर पेटवायला दहा वाजतात.