उलटं मांडलेलं पान

माझ्यापुढं केळीचं पान उलटं मांडलं आणि पंगत सुरू झाली.

मधला दांडा वर. गुळगुळीत बाजू जमिनीला. त्या पानावर काही वाढायचं नसतं. पण उठायचंही नसतं. सगळे जेवून उठेपर्यंत मांडी घालून, मान खाली घालून, त्या पानाकडं बघत बसायचं. माझ्या एका बाजूला जाऊबाई, दुसऱ्या बाजूला सासू. वाढणारी यायची, जावेला भात घालायची, मला ओलांडायची, सासूला घालायची. समोर वालाचं बिरडं वाफाळत होतं. ते वाल मीच भिजवले होते, आदल्या दिवशी मीच सोलले होते. नखं दुखत होती अजून.

पुरुषांची ओळ समोरच होती. तिच्यात माझे यजमान. त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार. ते बोलले.

"बिरडं वाढा जरा इकडं."

बिरडं झालंच होतं चांगलं. ते तरी काय करणार.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. आणि माझ्याइतकी बावळट बाई सगळ्या रोहा तालुक्यात शोधून सापडली नसती.

आमच्या पंथाचं आधी सांगते, नाहीतर कळायचं नाही. महाराज एकच, पोथी एकच. पण महाराजांच्या मागं दोन शिष्यांचं पटलं नाही, आणि दोन पाठ झाले. एक पेणचा, एक रोह्याचा. दारू नाही, शपथ घ्यायची नाही, घरात मूर्ती ठेवायची नाही, हे दोन्हीकडं सारखं. बाकी रोजच्या जगण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. मी पेणच्या पाठात जन्मले. आमच्यात रेडिओ चालायचा, भजन ऐकायला म्हणून. भजन संपलं तरी तो बंद करायला कुणी उठायचं नाही. पत्ते चालायचे, पैसे न लावता. आम्हा मुलींना फुगडी चालायची. माझे वडील तर गणपतीच्या कारखान्यात कामाला होते. मूर्ती घरात बसवायची नाही, पण दुसऱ्याच्या घरासाठी घडवायला पोथीत कुठं ना नव्हती. तसा अर्थ आमच्याच लोकांनी काढला होता, पोटासाठी.

मूर्तीला डोळे काढणं म्हणजे आखणी. ते काम वडील करायचे. माझा हात स्थिर आहे हे बघून बाराव्या वर्षी त्यांनी मला लहान मूर्तींवर बसवलं. श्वास रोखायचा, एका दमात रेघ ओढायची. मी एकेका दिवसात ओळीनं गणपती जागे करायची. मान इतकी ताठ व्हायची माझी, की आई म्हणायची, पाणी भरायला वाकता येतंय का बघ आता.

सोळाव्या वर्षी लग्न झालं, ते रोह्याच्या पाठात. कोलाडच्या अलीकडं गाव. सोयरीक ठरतानाच सांगितलं होतं त्यांनी: मुलगी पुन्हा ब्रश धरणार नाही. मी मान हलवली. मला वाटलं, संसारात ब्रश कशाला लागतो?

रोह्याच्या पाठात नक्षीची साडी नाही. तळहाताहून मोठा आरसा नाही. फुगडी नाही, झिम्मा नाही, पत्ते नाहीत, सिनेमा तर नावच नाही. बाईनं सायकलला हात लावायचा नाही. घरात वीज घ्यायची नाही. आणि ह्या सगळ्याचे राखणदार नाना. पाठाच्या गादीवर तेच बसायचे. गावातली निम्मी भातजमीन त्यांची, भाताची गिरणी त्यांची, विहीरही त्यांच्याच आवारात. नियमात असं होतं की घरात विजेचा दिवा घ्यायचा नाही. शेजाऱ्याच्या दिव्याखाली बसायला बंदी नव्हती. म्हणून नानांनी आपल्या कुळाच्या झोपडीत दिवा घेऊन दिला होता आणि त्याच्या ओट्यावर स्वतःसाठी बाक टाकलं होतं. रेडिओही तिथंच. पावसाचा अंदाज ऐकायला. उन्हाळाभर ऐकायचे पावसाचा अंदाज.

हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी मनात म्हणायची, काय हुशारीनं नियम पाळतात!

माझी मुलगी मंदा चार वर्षांची झाली. सासूनं तिला चिंध्यांची बाहुली करून दिली. पाठाच्या रीतीची, म्हणजे बिनचेहऱ्याची. तोंड करणं देवाचं काम, आपलं नाही. डोक्याच्या जागी पांढरा गोळा. मंदा तिला घेऊन फिरायची, जेवू घालायची. एक दिवस चुलीपाशी आली.

"आये, हिला दिसत नाय का गो?"

मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग ती पडंल ना.

मी काजळाच्या डबीत काडी बुडवली. श्वास रोखला. पाच वर्षांनी रोखला होता. दोन रेघा, दोन बुबुळं. हात हलला नाही. बाहुली माझ्याकडं बघायला लागली आणि मला हसू फुटलं. मंदा टाळ्या वाजवत नाचली. सासू मागल्या दारी होती म्हणून निभावलं.

पौर्णिमेला सगळा पाठ जमायचा. पोथी, मग पंगत. मंदानं बाहुली परकरात लपवून आणली होती, आणि पोथी चालू असताना तिला बाहेर काढून समोर धरली. ऐकायला नाही, बघायला. आता तिला दिसत होतं ना.

नाना वाचता वाचता थांबले. कुणी केलं विचारलं. मी उभी राहिले. मला वाटलं, रागावतील. ते रागावले नाहीत. हसले. म्हणाले, पेणची रंगारीण आपली सवय विसरली नाय. सगळे हसले. मग म्हणाले, "पुस. थुंकी लावून पुस. सगळ्यांना दिसू दे."

मी अंगठ्याला थुंकी लावली आणि बाहुलीचे डोळे पुसले. काजळ जात नव्हतं, पसरत होतं. आणखी थुंकी लावली. मंदा रडत होती, सासूनं तिचं तोंड दाबून धरलं होतं. डोळे गेले आणि पांढऱ्या गोळ्यावर काळा डाग राहिला. मग रीतीप्रमाणं मला म्हणावं लागलं. शिक्षा झालेल्यानं म्हणायचं असतं.

"चूक दाखवलीत. उपकार झाले."

किती खणखणीत म्हटलं मी ते! शाळेत कविता म्हणतात तसं. शब्द चुकला नाही, आवाज कापला नाही. ह्याचाही मला जरासा अभिमान वाटला होता तेव्हा. मग पान उलटं झालं. पाच पौर्णिमांसाठी.

त्या पाच महिन्यांत माझ्या हातचं कुणी खात नव्हतं. माझ्या हातानं भरलेलं पाणी मात्र गुरांना चालायचं, घासलेली भांडी चालायची, भाताच्या लावणीलाही मी चालायची. यजमान बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, सरेल गो, दिवस जातील. दिवस गेले. पान सरळ झालं. आणि मी काय केलं? मी रोह्याच्या पाठातली सगळ्यात कडक बाई झाले.

हे सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगते. कुणाच्या पदराला काठ जास्त दिसतोय, कुणाची पोर गाणं गुणगुणते, हे मी सासूच्या कानावर घालायची. सासू नानांच्या. मला वाटायचं, आता मी ह्यांच्यातली झाले. नागोठण्याहून एक नवी सून आली होती, सतरा-अठराची. गौरीच्या दिवसांत माहेरी गेली आणि मैत्रिणींबरोबर फुगडी खेळली. कुणीतरी पाहिलं. तिचं पान उलटं मांडायचं ठरलं. नाना म्हणाले, कोण मांडतं? मी पुढं झाले. मीच मांडलं. दांडा बरोबर मधोमध येईल असं, नीट. आखणीचा हात माझा, वाकडं कसं मांडीन?

तिनं वर बघितलं नाही. ती "उपकार झाले" इतक्या हळू म्हणाली की नानांनी तिला तीनदा म्हणायला लावलं.

पुढं महिनाभरानं मागल्या पडवीत मंदाचा खेळ चालला होता. सहा वर्षांची झाली होती. दोन शेजारच्या पोरी, मधे बाहुली. पंगत मांडली होती, कुड्याच्या पानांची. तिघींची पानं सरळ. त्यावर माती वाढलेली. बाहुलीचं पान उलटं. मंदा बाहुलीची मान धरून तिला वाकवत होती.

"उपकार झाले म्हण गो. मोठ्यानं म्हण."

बाहुलीला तोंड नव्हतं. तो काळा डाग तेवढा होता, माझ्या अंगठ्याचा. मंदानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. दुसऱ्या पोरी हसल्या. नाना हसले होते तशाच.

मी दारात उभी होते. हातातल्या तांब्यातलं पाणी पायावर सांडत होतं, ते मला मागाहून कळलं.

त्याच दुपारी मी काजळाची डबी काढली. त्या डागावरच डोळे काढले. ह्या वेळी मोठे काढले. कारखान्यातल्या मोठ्या मूर्तीचे असतात तसे, लांबून दिसावेत असे. पौर्णिमेला मंदाला घेऊन गेले आणि बाहुली माझ्याच मांडीवर, सगळ्यांकडं तोंड करून बसवली.

नाना म्हणाले, "पुस."

मी म्हटलं, "नाय पुसणार."

एवढंच. मी घरून पुष्कळ पाठ करून आले होते. तुमचं बाक, तुमचा रेडिओ, कुळाचा दिवा, सगळं. तोंडातून दोन शब्द निघाले आणि बाकीचे घशातच राहिले. कसली आली झाशीची राणी!

पंगतीत माझ्यापुढं पान उलटं पडलं. मी ते उचललं आणि सरळ केलं. ओलं पान, फटकन आवाज झाला. मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणी ओरडेल, कुणी मला उठवेल. काही झालं नाही. सरळ पानावरही मला कुणी वाढलं नाही. वाढणारी आली, मला ओलांडून गेली. मंदानं आपला भात मुठीत घेऊन माझ्या पानाकडं हात केला. सासूनं तो हात धरला आणि परत तिच्या पानावर झाडला.

यजमानांनी त्या दिवशी बिरडं मागितलं नाही. त्यांचं बंड तेवढंच.

मग आमचं घरच वाळीत पडलं. नानांच्या आवारातली विहीर बंद. गिरणीत भात घेईनात. लावणीला कुणी येईना. सासू रोज डोकं आपटायची. यजमान हात जोडून म्हणाले, दोन शब्द तर हायत, म्हणून टाक. मी मंदाला आणि बाहुलीला घेऊन एसटीनं पेणला आले. मनात म्हणत होते, आपला पाठ मोकळा. तिथं रेडिओ आहे, फुगडी आहे. तिथं मला पाटावर बसवतील.

वडील गेले होते. भावानं पाणी दिलं, चहा दिला. रेडिओ लावला. मंदाला पत्ते खेळायला दिले. पौर्णिमा आली तेव्हा पंगतीत मी बसले, आणि वहिनीनं माझ्यापुढं पान मांडलं. उलटं. भाऊ बाजूला घेऊन म्हणाला, रोह्यानं उलटं केलेलं पान आम्हाला सरळ करता येत नाय गो ताई, दोन्हीकडं सोयरिकी हायत. बाकी तू काय वाट्टेल ते कर. सिनेमाला जा.

जन्मभर मी दोन पाठांतला फरक सांगत आले होते. ह्यांच्यात हे चालतं, त्यांच्यात ते चालत नाही. त्या दिवशी कळलं, फरक फक्त करमणुकीत होता. पान दोन्हीकडं एकच.

मी खोली घेतली आणि पाठाबाहेरच्या माणसाच्या कारखान्यात आखणीला बसले. त्यावर मंदा वाढली. यजमान वर्षातून एखाद-दोनदा एसटी स्टँडवर भेटायचे, खोलीवर यायचे नाहीत. ते गेले तेव्हा मला कुणी कळवलं नाही. तेराव्याला माझ्या नावाचं पान मांडलं होतं, असं मागाहून कळलं. कसं मांडलं होतं ते सांगायला नको.

नागोठण्याच्या त्या सुनेकडंही मी एकदा गेले. पिकल्या केसांची झाली होती. मी म्हटलं, तुझं पान मी मांडलं होतं, माझं चुकलं. तिनं पाणी दिलं. म्हणाली, "आता कशाला आलीस गो?" मी पाणी प्यायले आणि निघाले.

आणि परवा नानांचा नातू आला. मोटारीतून. हातात फोन, दुसरा फोन खिशात. आता रोह्याच्या पाठात टीव्ही चालतो, नक्षीची साडी चालते, पोरी स्कूटर चालवतात. आता पेण कुठलं, रोहा कुठलं, ओळखायला येत नाही. तो गोड बोलला. आजी, जुनं झालं गेलं. आता वाळीत टाकायच्या विरोधात कायदाबी आलाय, लोक नाय ते बोलतात. तुम्ही पंगतीला या, एक फोटो काढू. तुमचं पान सरळ मांडतो. फक्त रीत म्हणून ते दोन शब्द तेवढे म्हणा.

मी विचारलं, म्हणजे पान उलटं मांडायची रीत अजून आहे?

तो म्हणाला, आता क्वचित. ह्या पौर्णिमेला हाय एक. कुणाची तरी सून, मोबाइलवर नाचली आणि सगळ्यांना दाखवलं.

मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

मंदा म्हणते, आई, गुडघे बघ आपले, कुठं निघालीस. गुडघ्यांना मांडी घालून बसता येत नाही, हे खरं. हातही आता कापतो, एका दमात रेघ येत नाही. पण पान पालथं घालायला लागतो तेवढा जोर सुलटं करायलाही लागतो, आणि तो माझ्यात आहे. उद्या पौर्णिमा. रोह्याची सकाळची गाडी मला ठाऊक आहे. त्या पोरीचं नाव ठाऊक नाही, पण उलट्या पानापुढं बसलेली बाई ओळखायला नाव लागत नाही. मी तिच्या शेजारी बसणार आणि तिचं पान सरळ करणार. ते पुन्हा उलटं करतील. मी पुन्हा सरळ करीन. पुढच्या पौर्णिमेलाही, त्याच्या पुढच्याही.

मला कुणी वाढणार नाही. नका वाढू. मी जेवायला येत नाहीये.