बॅटरीची खोळ

आमच्या वहिनीच्या घरात उघडं काही राहत नाही, फक्त माझं तोंड सोडून. मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, गॅसच्या सिलिंडरला झालर लावलेली खोळ. शिलाईचं काम करणाऱ्या बाईकडे कापडाच्या तुकड्यांना तोटा नसतो, आणि वहिनीला तुकडा टाकवत नाही. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, म्हणायचा, "मी एका जागी फार वेळ बसलो तर ही मलाही खोळ घालेल."

आता दादा एका जागीच असतो. जन्मभर दगड कापायच्या कारखान्यात काम केलं, दगडाची भुकटी फुफ्फुसांत जाऊन बसली. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरतं, त्याची नळी नाकात. मशीन विजेवर चालतं, आणि आमच्याकडची वीज म्हणजे जावईबापू, कधी रुसून बसेल नेम नाही. म्हणून छपरावर सोलर आणि खाली बॅटरी बसवली. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला, "दहा वर्षं वॉरंटी आहे, खुशाल झोपा."

पहिला उन्हाळा संपायच्या आत बॅटरीनं मान टाकली. कंपनीचा मेकॅनिक आला, उघडून खटपट केली, आणि जाता जाता म्हणाला, "धूळ फार जाते हो आत, मावशी. जपा." तो बोलून गेला, पण वहिनीला ती काळ्या दगडावरची रेघ. त्याच दुपारी तिनं जाड निळं कापड काढलं आणि बॅटरीला खोळ शिवली, कडेला पांढरी पट्टी लावून. मी तर कौतुक केलं होतं.

बॅटरी पुन्हा बंद पडली. या वेळी कंपनीची माणसं ती उचलूनच घेऊन गेली. वहिनीनं खोळ काढून घडी करून ठेवली, बॅटरी दुरुस्त होऊन आली तशी पुन्हा चढवली.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी गॅरेजात गाडीचा पत्रा ठोकत होतो. वहिनीचा फोन आला. "भाऊजी, या," एवढंच म्हणाली. पोचलो तर वीज गेलेली, बॅटरीवर लाल दिवा, दादाचे ओठ निळे, आणि वहिनी पुठ्ठ्यानं वारा घालतेय. शेजाऱ्याच्या गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं. वाचला. पण आधी भिंत धरून दारापर्यंत यायचा, आता पलंगाखाली पाय सोडायलाही दोघं लागतात.

मग कंपनीचा साहेब पाहणीला आला. त्यानं दोन बोटांनी खोळ उचलली, जशी काही कुणाची घाणेरडी बनियन. "हे काय? बॅटरीला हवा लागते. गुदमरून तापली ती. चूक तुमची आहे, वॉरंटी बाद."

गुदमरून! मेल्याला शब्दही नेमका तोच सापडला. मी अंगावरच धावलो. शेजाऱ्यांनी आवरलं नसतं तर त्याचाही पत्रा सरळ केला असता. वहिनीनं मात्र संध्याकाळपर्यंत घरातली एकूण एक खोळ टाका टाका उसवली. निळी तेवढी घडी करून कपाटात ठेवली. शिलाई मशीन भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि गिऱ्हाईक आलं की "हात दुखतोय" म्हणून परत पाठवू लागली. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "भाऊजी, मीच मारत होते हो यांना."

मी ग्राहक मंचात तक्रार केली. वहिनीला पढवलं, "विचारलं तर म्हणा, खोळ एकदाच घातली होती, त्याच दिवशी."

दादा पलंगावरून म्हणाला, "हिला खोटं बोलता आलं असतं, तर तुझी चौकशी करायला आलेल्या मुलीकडच्यांशीच बोलली असती. तुझं लग्न तरी झालं असतं."

सुनावणीला लांब टेबलामागे अध्यक्षबाई, समोर साहेब, आणि त्याच्या मागे तो मेकॅनिक, कंपनीनं साक्षीला आणलेला. कुणी काही विचारायच्या आत वहिनीनं पिशवीतून निळी खोळ काढून टेबलावर ठेवली. "ही मी घातली होती."

मी कपाळावर हात मारला. साहेबाची कळी खुलली. "बघा, स्वतःच कबूल करताहेत."

"पहिल्यांदा बंद पडली तेव्हा खोळ होती?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही. त्यानंतर शिवली. यांनी धूळ जाते म्हटलं म्हणून." वहिनीनं मेकॅनिककडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

बाई साहेबाकडे वळल्या. "खोळ घालू नका, असं तुम्ही कुठे सांगितलं होतं?"

"सांगितलं नव्हतं, पण माणसाला अक्कल..."

"मग खोळीमुळेच बिघडली, हे तुम्ही दाखवायचं. त्यांनी नाही. दुरुस्त करूनही तोच बिघाड परत येत असेल, तर नवी मागायचा त्यांना हक्क आहे."

मला वाटलं, जिंकलो. पण वहिनी बसेना. "बॅटरीचं तुम्ही काय ते बघा, बाई. मला एवढंच कळू दे. माझ्या खोळीनं आमच्या ह्यांचा श्वास अडकला का?" विचारत होती बाईंना, बघत होती मेकॅनिककडे.

साहेबानं डोळे वटारले. मेकॅनिकनं त्याच्याकडे बघितलं, मग खोळीकडे. "नाही, मावशी," तो म्हणाला. "आतला एक सेल मुळातच खराब आहे. मला पहिल्याच वेळी दिसलं होतं. अख्खी बॅटरी बदला म्हणून वर कळवलं, तर म्हणाले, तशीच चालू करून दे. खोळ असती काय, नसती काय, ती बंद पडणारच होती. धुळीचं मी आपलं काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं."

वहिनी मटकन खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडली. दादा हॉस्पिटलात होता तेव्हाही तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. माझं ऐकून खोटं बोलली असती, तर हे तिला जन्मात कळलं नसतं.

नवी बॅटरी आली, पुऱ्या वॉरंटीसकट. दादाची गेलेली ताकद मात्र कुणी बदलून दिली नाही. वहिनीनं बॅटरीभोवती जमिनीवर शिलाईच्या खडूनं रेघ मारली आहे. रेघेच्या आत माझी चप्पल गेली तरी ओरडते.

परवा दुपारी वीज गेली. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं दादाच्या छातीवर हात ठेवला. ऑक्सिजनचं मशीन घरघरत राहिलं.

"वहिनी, चालू आहे," मी म्हटलं.

"दिसतंय मला," म्हणाली, पण हात काढला नाही.

मग दादाच म्हणाला, "अगं, तो मिक्सर किती दिवस उघडाबोडका बसलाय. लाज वाटत असेल त्याला. आणि तुझं मशीन वाजत नाही, तर मला दुपारची झोपही लागत नाही."

वहिनी हसली नाही. उठली, शिलाई मशीन भिंतीपासून वळवलं, कापड घेतलं आणि पाय मारायला सुरुवात केली. पायाचं मशीन, त्याला कुठली वीज लागते? दोन्ही मशीनचे आवाज खोलीत चालू होते, आणि दादाला झोप लागली.