कप्तानाच्या झोपेचा पहारा

गुलमंडीमागच्या गल्लीत राहणारे कॅप्टन कडूबा मोकासे हल्ली भरदुपारी भंगारवाल्याला हाक मारून बोलावतात आणि घरात द्यायला काही नसलं तरी म्हणतात, "मोठ्यानं ओरड रे बाबा." निवृत्तीनंतर वैमानिकाच्या डोक्यावर परिणाम झाला, असं नवे भाडेकरू बोलतात. बोलोत बापडे. त्यांनी ती जुनी, गप्प बसलेली गल्ली कुठं पाहिलीय?

आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी त्यांचं नाव कडूबा ठेवलेलं. वडील कारभारी मूळचे कन्नडकडचे. गुलमंडीतल्या एका दुकानात ते गजानं कापड मोजायचे. पोरगं विमान चालवायला लागलं, तेव्हा महिनाभर कापड कमी आणि पोराच्या गोष्टी जास्त मोजल्या गेल्या. आई आवडाबाईनं मात्र एकच विचारलं, "मग झोपायचं कवा रं तू?"

म्हातारीनं दुखत्या जागेवरच बोट ठेवलं होतं. लांब पल्ल्याचं विमान म्हणजे झोपेच्या रात्री खाणारा धंदा. परक्या गावच्या हॉटेलात जाड पडदे ओढून दिवसा झोप आणायची, आणि तिथं सगळं सामसूम झालं की पोटात भाकरीची भूक उठायची. वैमानिक दोघं, पण जेवण एकसारखं नाही. एकाचं पोट बिघडलं तर दुसरा धड राहावा म्हणून. वरून ठरलेल्या महिन्यांनी डॉक्टरची तपासणी. रक्तदाब चढला, साखर वाढली, की लायसन्सवर पाणी सोडायचं. चाळिशीतच कडूबांचा रक्तदाब काठाला टेकला. डॉक्टर म्हणाले, "झोप सुधारा. नाहीतर माझी सही मिळणार नाही."

हे कारभारींच्या कानावर गेलं आणि गल्लीला कायदा लागू झाला. कडूबा घरी आले की आवडाबाई त्यांचा गणवेशाचा पांढरा शर्ट धुऊन पुढच्या दोरीवर टाकायची. शर्ट दिसला म्हणजे कप्तान झोपलेत. समोरचा दाऊद हिमरूच्या शाली विणायचा. तो माग थांबवून धागे जुळवायचं काम काढायचा. त्याची आई नजमुन्निसा मसाला कुटणं पुढं ढकलायची. आणि कारभारी स्वतः काठी घेऊन ओट्यावर. भाजीवाल्या सरूबाईनं तोंड उघडायच्या आत काठी वर व्हायची. एकदा तर त्यांनी नवरदेवाच्या घोडीचा लगाम धरून आख्खी वरात वाजंत्रीशिवाय गल्लीतून पार केली. नवरदेव घाबरला, घोडी नाही.

"चाचा, इतनी सख्ती कशाला?" दाऊद कुजबुजायचा.

"आरं, तीनशे जीव बसत्यात त्याच्या भरवशावर. डुलकी लागली म्हंजी?"

कडूबांना या साऱ्याची लाज वाटायची. पण खरं सांगायचं तर त्या लोखंडी खाटेवर लागली तशी झोप त्यांना जगातल्या कुठल्याच हॉटेलात लागली नाही. खिडकीला आईनं टांगलेली गोधडी, बाहेर ओळखीची माणसं, आणि सगळी आपल्यासाठी गप्प. इतकी माया एखाद्याच्या वाट्याला कशी येते, याचं त्यांना आजही नवल वाटतं. तपासण्या एकामागून एक पार पडत गेल्या.

मग ती दुपार आली. कडूबा लांबच्या फेरीवरून सकाळी घरी पोचले होते. मागच्या तपासणीत रक्तदाब पुन्हा काठावर आला होता, आणि पुढची तपासणी दुसऱ्याच दिवशी मुंबईत होती. आईनं शर्ट दोरीवर टाकला. कडूबांना पडल्या पडल्या झोप लागली.

उन्हं कलायच्या आधी सरूबाई टोपली घेऊन दबकत आली. काठी वर झाली नाही. कारभारी भिंतीला टेकून बसले होते, मान छातीवर. तिनं टोपली खाली ठेवली, जवळ जाऊन पाहिलं, आणि पदर तोंडात कोंबून दाऊदच्या दारात गेली. दाऊद अनवाणी धावला आणि नाक्यावरच्या डॉक्टरला घेऊन आला. छातीला हात लावून डॉक्टरनं मान हलवली. म्हातारा बसल्या जागी गेला होता.

बाया जमल्या. एकीनं गळा काढला, तशी आवडाबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला.

"शर्ट दिसंना व्हय तुला? लेकरू झोपलंय. उंद्या डाक्टरपुढं उभं ऱ्हायाचंय त्याला."

"अगं, पण बाप हाय त्याचा," दुसरी हळूच म्हणाली.

"त्यानंच तर राखली ही झोप. आता मी मोडू?"

बाया तोंडात पदर धरून भिंतीकडेनं बसल्या. नजमुन्निसा आवडाबाईचा हात हातात घेऊन बसली. येणारा माणूस दोरीकडं बघायचा आणि चपला हातात घेऊन ओट्याकडं यायचा.

दिवेलागणीला कडूबांना जाग आली. अंग हलकं झालं होतं. अशी झोप कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती. आळस देत त्यांनी दार उघडलं. ओटा भरलेला, रस्ता भरलेला, दाऊद खांबाशी उभा राहून डोळे पुसतोय, आणि मधे पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी. कडूबांनी एकेका चेहऱ्याकडं पाहिलं. काठी घेऊन ओट्यावर बसणारा चेहरा तेवढा त्यात नव्हता.

आवडाबाई उठली. लहानपणी ताप बघायची तसा तिनं त्यांच्या कपाळाला तळवा लावला.

"झाली का रं झोप पुरी?"

त्यांनी मान डोलावली.

"मग आता रडते," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या उशाशी बसून तिनं हंबरडा फोडला.