मेंढपाळाचे हेडफोन

पिंगळीच्या रस्त्यावर मेंढरं आडवी आली म्हणून मी मोटारसायकल बंद केली. मागून येणाऱ्या म्हाताऱ्या मेंढपाळाच्या पटक्यावरून कानांवर भलेमोठे हेडफोन होते. मी राम राम घातला, तर त्यानं ते काढले आणि कानामागं हात धरला.

"गाणी ऐकायलात का, मामा?" मी ओरडलो.

"कशाची गाणी! लय कमी ऐकू येतंय मला. कानातली मशीन रानात पडली, म्हणून हे घेतलं. ह्याला माइक हाय, बारीक आवाज मोठा होतोय."

"मग बोलताना काढलं कशाला?"

"तुमी वरडून सांगायलाव की. मेंढरू वरडत न्हाई. दुखलं तर नुसतं दात खातंय."

हेडफोन चढवून तो मागं रेंगाळलेल्या मेंढीच्या तोंडाशी वाकला.

मी गाडी सुरू न करता तशीच ढकलत पुढं नेली.