कारणाच्या रकान्यात

बाईंनी बाळाच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या हातात पोलिओच्या थेंबांची उघडी कुपी. बाळाने तोंड उघडलंसुद्धा होतं.

लखनऊच्या विकास नगरमधलं घर. नव्वदच्या दशकाची अखेर. मी दारोदार थेंब पाजत फिरायची. नवरा फौजेत शिपाई, तेव्हा सीमेवर. छावणीतल्या क्वार्टरमध्ये मी एकटी. आठवडा आठवडा मराठी कानावर पडायचं नाही. त्या फाटकाशी आतून "अगं, दूध उतू जातंय" ऐकलं आणि मी हरखलेच. ताई म्हणून हाक मारली. त्यांनी खुर्ची दिली, चहा टाकला. त्या पुण्याच्या, त्यांचे यजमान तिथल्या संशोधन संस्थेत. मी भंडाऱ्याकडची. बोलता बोलता त्यांनी आडनाव विचारलं.

लखनऊत माझ्या आडनावावरून कुणाला काही कळायचं नाही. दोन वर्षं मी नुसती टीकेवाली, म्हणजे लस देणारी, दीदी होते. इथे ते मी आनंदाने सांगितलं. मूर्ख मी.

ताईंनी बाळाला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाल्या, बाळाला सर्दी आहे. सर्दीत चालतं, मी म्हटलं. मागच्या फेरीलाही राहिलंय, आता टाळू नका, म्हटलं. कुपी उघडली. तेव्हा तो हात आला.

"राग मानू नका, पण तुमच्या हातून नको. दिलं असं लिहून टाका ना."

चहा आतच राहिला.

थेंब दिले की फाटकावर खडूने 'पी' लिहायचा, राहिले की फुली. मी फुली मारली. कोपऱ्यावरच्या हापशावर तोंड धुतलं आणि तिथेच रडले. शेजारणींना सांगायचं तर आधी जात सांगावी लागली असती. मराठीत सांगावं अशी एकच बाई भेटली होती, ती फाटकाच्या आत.

संध्याकाळी सुपरवायझरने माझा कागद पाहिला. या कॉलनीत फुली कशी? नकार यायचे ते झोपडपट्टीतून. तिथे हा माणूस पोलीस घेऊन जायचा, बायांना झापायचा. मीही त्या बायांना अडाणी म्हटलेलं. लाज वाटली त्याची.

तो हसला. "पढ़े-लिखे लोग हैं. लिख दो, बच्चा बाहर गया है."

कारणाचा रकाना रिकामा होता. मी हिंदीत लिहिलं, आईने थेंब देणारीची जात ओळखून नकार दिला. खाली सही केली, आडनावासकट.

त्याने वाचलं. कोरा कागद पुढे सरकवला. कारण बदललं नाही तर उद्यापासून कामाच्या यादीत माझं नाव नसेल, हेही सांगितलं. मला भीती वाटली. नवऱ्याची चिठ्ठी यायलाच महिना लागायचा, बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. तरी पेनाचं टोपण लावलं.

"सर, यह झूठ मेरे हाथ से नहीं होगा."

दुसऱ्या दिवशी राहिलेल्या घरांची फेरी होती. नाव काढायला त्याला अजून सवड मिळाली नव्हती. मी त्याच घराची बेल वाजवली. पडदा हलला, दार उघडलं नाही. बाळ आत रडत होतं.

मी पुन्हा फुली मारली. कारण पुन्हा तेच लिहिलं. पाय त्या बाळाचे जातील, माझे नाहीत. म्हणून कामावर ठेवोत की काढोत, त्याच्या तोंडात थेंब पडेपर्यंत मी त्या दारी जाणार. आणि जे झालं, तेच लिहिणार.